बोडीत टाकलेलं बी

सयत्रामायने पहिल्याच भेटीत मला जीभ काढून दाखवली. चिडवायला नव्हे. तिच्या जिभेच्या टोकावर मोहरीचा एक दाणा होता आणि ती डोळे अर्धवट मिटून, मान जरा वर करून, लांबून येणारा आवाज ऐकावा तशी बसली होती. मग तिने दाणा तळहातावर घेतला, लुगड्याला पुसला आणि म्हणाली, "हे रानची आहे. घरची नाही."

मी तेव्हा कृषी सहायक म्हणून आसगावला नुकतीच आले होते. गावातल्या पुष्पाताईच्या अंगणात बायकांचा गट जमला होता. धान निघाल्यावर बोडीखालच्या ओलीवर मोहरी घ्यायची आणि ती तेलाला न देता बियाणं म्हणून तयार करायची, असं त्यांनी ठरवलं होतं. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. सरकारी तपासणीत बियाणं म्हणून मोहरी पास व्हायची तर तिच्यात रानमोहरी नको. रानमोहरी हे मोहरीच्याच कुळातलं तण. फूल पिवळं, शेंग तशीच, दाणाही गोल आणि काळपट तांबडा. एकदा मोहरीत मिसळला की शोधणं कठीण. मी भिंग, चिमटा आणि पांढरा कागद घेऊन गेले होते. फरक कसा ओळखायचा ते समजावत होते आणि बायका माना डोलवत होत्या. त्यांना काहीही कळत नव्हतं, हे मला कळत होतं.

भिंतीशी पोत्यावर बसलेली म्हातारी तेवढ्यात म्हणाली, "मॅडम, थे काच बाजूले ठेवा. मले द्या दोन दाने."

पुढे जे झालं ते वर सांगितलंच. मी तिचा दाणा भिंगाखाली धरला. रानमोहरीच होती.

"तुम्हाला कसं कळलं?"

"घरच्या मोहरीच्या अंगावर जाळं असते. बारीक. रानची उघडी असते, गोटीवानी. जिभीले लागते ना."

मी दुसरा दाणा भिंगाखाली घेतला. खरंच जाळं होतं. पुस्तकात मी ते वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, पण 'पृष्ठभाग खरखरीत' असं लिहिलं होतं. जाळं हा शब्द माझ्या मनात कधी आला नव्हता. तिच्या आला, कारण ती मासे धरणाऱ्या ढिवरांच्या घरची होती. तिचा जन्म जाळी विणण्यात आणि उसवलेली जाळी सांधण्यात गेला होता.

सयत्रामायला शेत नव्हतं. नवरा बोडीत मासे धरायचा. तो गेल्यावर मुलगा धरू लागला. ती जाळी सांधायची आणि गावाची मोहरी, जवस, तीळ निवडून द्यायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. दहा-बारा वर्षांत तो इतका पिकला होता की समोर माणूस आहे एवढंच तिला कळायचं, कोण आहे ते पावलांवरून. "डोळ्यात धुकं बसलं," असं ती म्हणायची, तक्रार म्हणून नव्हे. हिवाळ्यात सकाळी बोडीवर धुकं बसतं, तसंच हेही.

तिचं काम बघत बसावं असं होतं. ती सूप किंचित तिरपं धरायची आणि खालून बोटांनी टिचक्या मारायची. दाणे थरथरत उतरू लागायचे. रानमोहरी गुळगुळीत, ती आधी घरंगळायची. घरची मोहरी तिच्या त्या जाळ्यामुळे जरा अडखळत यायची. पुढे आलेले दाणे ती तळहातावर घेऊन अंगठ्याने फिरवायची. त्यातूनही ज्यांचा संशय राहील ते जिभेवर. दुपारच्या उन्हात सुपाचा तो सर्र सर्र आवाज चालू राहायचा. मी नोंदी लिहायला बसायचे आणि थोड्या वेळाने पेन हातात तसंच राहिलेलं असायचं. मला असं हरवायची सवय नाही. तिच्याजवळ व्हायचं.

"मॅडम झोपल्या का?" ती विचारायची. लिहिण्याचा आवाज थांबलेला तिला कळायचा.

तिने निवडलेलं बी पेरून पहिली दोन वर्षं गटाची मोहरी पास झाली. आजूबाजूच्या गावांतून मागणी येऊ लागली. पुष्पाताई गटाची अध्यक्ष. तिचं तोंड तिखट आणि मन कामाचं. ती सगळ्यांना सांगायची, "आमच्याकडं मशीन नाही, आमच्याकडं सयत्रामाय आहे. तिले वंगनही लागत नाही, चहा लागते."

दुसऱ्या वर्षीचं पीक निघाल्यावर मी सयत्रामायला डोळ्यांच्या शिबिराला नेलं. तिची इच्छा नव्हती.

"आता कायले, मॅडम? मले सारं लागते."

"लागतं ते ठीक आहे. परवा चुलीवर पदर पेटला होता, ते?"

"थे विझवला ना मी."

मी वाद घालत बसले नाही. गाडी आणली, तिच्या मुलाला बरोबर घेतलं आणि भंडाऱ्याला नेलं. आधी एक डोळा, महिन्याभराने दुसरा. काळा चष्मा लावून ती गावात उतरली तेव्हा पुष्पाताई म्हणाली, "अव माय, सिनेमाची हिरॉइन आली व!" सयत्रामायने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि म्हणाली, "पुष्पा, तू इतकी काळी असशीन असं वाटलं नव्हतं." अंगणभर बायका हसल्या. पुष्पाताई सगळ्यांत जास्त.

त्यानंतर कितीतरी दिवस ती नुसती बघत फिरली. बोडीच्या पाळीवर जाऊन बसायची. पाण्यात आभाळ दिसतं हे तिला माहीत होतं, पण विसरली होती, असं म्हणाली. स्वतःच्या हाताने सांधलेलं जाळं हातात घेऊन, "हे गाठ मी मारली? किती वाकडी," म्हणून पुन्हा पुन्हा बघायची. मी काम करून परतताना ती पाळीवर दिसायची. पाण्यावर संध्याकाळ उतरत असायची. ती मला हाक मारायची नाही, मीही थांबायचे नाही, पण गाडी आपोआप हळू व्हायची.

त्याच उन्हाळ्यात बोडीतला गाळ काढला. वर्षानुवर्षांचा काळा, मऊ, थंड गाळ. धानाला त्याच्यासारखं खत नाही. गटाच्या सगळ्या शेतांत तो टाकायचा असं मीच सुचवलं. ट्रॅक्टरच्या खेपांवर खेपा झाल्या.

दिवाळीच्या आधी पेरणीचं बी निवडायला सयत्रामाय पुन्हा सूप घेऊन बसली. आता ती बघून निवडत होती. दाणा बोटांत धरायची, डोळ्यांजवळ न्यायची, रंग बघायची. टिचक्यांची ती लय राहिली नव्हती. मी तिने निवडलेल्यातली चिमूटभर मोहरी भिंगाखाली घेतली. त्यात रानमोहरीचा एक दाणा निघाला. पूर्वी असं कधी झालं नव्हतं.

"सयत्रामाय, डोळे मिटून करा. पूर्वीसारखं."

तिने सूप खाली ठेवलं. "बारा वर्स मिटल्यावानीच होते, मॅडम. आता उघडले, अन् तुमी म्हनता मिट?"

"कामापुरते."

"कामापुरतेही नाही मिटत." मग जरा नरमली. "लागंल हळूहळू. हातही पाहून राहिले ना आता."

मी उरलेलं बी स्वतः दोन दिवस भिंगाखाली तपासलं, जमेल तेवढं. मोहरी दोरी धरून ओळीत पेरायला लावली. आणि पौषात गटाची शेतं फुलली तेव्हा त्यांत रानमोहरी होती. एखादं दुसरं झाड नव्हे. भरपूर.

त्या वर्षी गटापुढे एकच प्रश्न होता, मोहरी पास होणार का. शेजारच्या गावांनी आसगावच्या मोहरीवर भरवसा ठेवून आपलं घरचं बी राखलंच नव्हतं. ही मोहरी नापास झाली तर तिघी-चौघी गट सोडणार होत्या. बियाण्याचं काम तिथेच थांबलं असतं. पुष्पाताई बांधावर उभी राहून म्हणाली, "सरळ तेलात काढू. पिवळंच पाहाचं असन त घराले पिवळा रंग मारू."

मी सयत्रामायच्या घरी गेले. मी आडवळणाने बोलत नाही. म्हटलं, "निवडताना तुमच्या हातून मिसळलं. डोळ्यांनी घात केला." दारात जाळं पसरलं होतं, ते तिने गोळा केलं. मी निघून आले. डोळ्यांच्या शिबिराला मीच तिला नेलं होतं, हे मला वाटेत आठवलं. तेही मी बाजूला ठेवलं. काम पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेतावर पोचले तेव्हा ती आधीच आली होती. धुकं अजून उठलं नव्हतं. बोडीची पाळ, पळसाची झाडं, बांध, काहीच नीट दिसत नव्हतं. फक्त पिवळं दिसत होतं, तेही जमिनीपासून सुटून वर तरंगल्यासारखं. आणि त्या पिवळ्यात कमरेपर्यंत बुडलेली ती, चष्मा न लावता, एकटीच उभी.

"मॅडम," ती म्हणाली, "इतका पिवळा असते? मी पन्नास वर्स मोहरी निवडली, पन हे असं फुलते थे मी विसरलीच होती."

मी म्हटलं, "सयत्रामाय, हे बघायला आपण आलो नाही."

"मी पाहालेच आली." ती वाकली. तिने एका झाडाचं देठ खालपासून बोटांनी चाचपलं. "हे रानची. देठाले काटे आहेत बारीक, टोचते. हे घरची, गुळगुळीत." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बियाले जाळं घरचीच्या अंगावर, अन् झाडाले काटे रानचीच्या. उलटं आहे. देवाले सुचलं काहीतरी." आणि मग तिने हात लांब केला. "आता इकडं पाहा. तुमी ओळीत पेरलं ना? रानची ओळीत आहे काय?"

मी पाहिलं. रानमोहरी ओळीत होती, पण ओळींच्या मधेही होती. बांधावर होती. जिथे दाणा पेरलाच नव्हता तिथेही होती.

"अन् तिकडं पुष्पाच्या वावरात लाखोळीची डाळ आहे. तिच्यात मोहरी पेरली होती कोनी? तिच्यातही आहे." ती सरळ उभी राहिली. "हे माह्या सुपातून नाही आली, मॅडम. इतकी नाही."

तिचं बरोबर होतं. मला ओशाळल्यासारखं झालं आणि हायसंही वाटलं. पुष्पाताईच्या लाखोळीत आणि मोहरीच्या शेतात सारखं असं काय होतं? पेरणारे हात वेगळे, बी वेगळं. सारखा होता तो गाळ.

"गाळातून आली," मी म्हटलं. "पण बोडीत रानमोहरी कुठून येणार?"

धुक्यात पाणकोंबडी कुठेतरी ओरडली. सयत्रामाय खाली बसली, बांधावर, ओल्या गवतात.

"मी टाकली," ती म्हणाली.

"काय?"

"निवडून निघालेलं रानचं बी. बी आगीत जाळाचं नसते, मॅडम, पाप लागते. कोनतंही बी. माह्या सासूनं सांगतलं होतं, तिच्या सासूनं तिले. अन् कोंबड्याले टाकाचं नाही, थे त्यायच्या पोटातून जित्तं निघते. म्हनून मी बोडीत टाकत होती. इतके वर्स. वाटलं पान्यात सडन."

सडलं नव्हतं. रानमोहरीचं बी मातीत गाडलं गेलं की वर्षानुवर्षं झोपून राहतं आणि उकरून उजेडात आणलं की जागं होतं. हे मला ठाऊक होतं. तिने कुठे टाकलं ते मी कधी विचारलं नव्हतं. पन्नास वर्षं गावाची मोहरी स्वच्छ करून तिने जे बाजूला काढलं, ते सगळं त्या काळ्या गारव्यात निजलं होतं, आणि मी ट्रॅक्टर लावून ते पुन्हा गावाच्या शेतात नेऊन टाकलं होतं. कोणाला रागवायचं? धुकं उठत होतं आणि पिवळं हळूहळू जमिनीवर टेकत होतं.

"काल मी चुकीचं बोलले," मी म्हटलं.

"अर्धं चुकीचं," ती म्हणाली. "बी माहंच आहे. मी वेचन."

आणि तिने वेचलं. रोज सकाळी यायची, ओळीने चालायची, खालून देठ चाचपायची, काटे लागले की उपटायची. आता ती बघतही होती आणि चाचपतही होती. हातांना डोळ्यांची सवय झाली होती. रानमोहरीच्या शेंगांना जरा लांब, चोचीसारखं टोक असतं, त्यावरूनही तिने ओळखायला सुरुवात केली; ते मी शिकवलं नाही. तीन दिवस ती एकटी होती. चौथ्या दिवशी पुष्पाताई आली, कमरेला पदर खोचून. "तू म्हातारी मेली इथं त आमालेच उचला लागन," असं म्हणत ती तिच्या शेजारच्या ओळीत वाकली. मग बाकीच्या आल्या. फुलावरची झाडं बैलांपुढे टाकली.

पण एका कोपऱ्यात आम्हाला उशीर झाला होता. तिथल्या रानमोहरीने शेंगा धरल्या होत्या आणि काही पिवळ्या पडल्या होत्या. ती झाडं तिने अलगद उपटली, जुन्या लुगड्यावर ठेवली, दाणा खाली पडू नये म्हणून चारी टोकं बांधली आणि ते गाठोडं खळ्यावर तसंच वाळवलं. चार दिवसांनी मला बोलावून घेतलं.

"याचं काय कराचं?" तिने विचारलं. उत्तर तिला माहीत होतं.

"जाळायचं."

"हाव." तिने गाठोडं लुगड्यासकट खळ्याच्या मधोमध ठेवलं आणि आगपेटी माझ्या हातात दिली. "तुमी लावा. तुमाले पाप नाही लागत. तुमी त सरकारी आहा."

मी लावली. आधी लुगडं पेटलं, मग झाडं, मग शेंगा तडतडू लागल्या. दाणे फुटत होते, उडत होते, आणि सगळ्या खळ्यावर फोडणीचा वास पसरला. अगदी खरपूस. पुष्पाताई म्हणाली, "अव माय, भूक लागली व मले." सगळ्या हसल्या. सयत्रामाय हसली नाही. ती जवळ उभी होती, धूर डोळ्यांत जात होता तरी सरकत नव्हती. पूर्ण जळेपर्यंत तिने पाहिलं. मग राख पायाने सारखी केली आणि म्हणाली, "सासू असती त मले आता घरात घेतली नसती." जरा थांबून, "पन सासूनं गाळ पाहिला नव्हता."

मोहरी निघाली, नमुना तपासणीला गेला. पास झाल्याचा निकाल मी वाचून दाखवला तेव्हा पुष्पाताईने पहिली पिशवी उचलून सयत्रामायपुढे नेली. पिशवीवर गटाचं नाव छापलं होतं. तिने अक्षरांकडे पाहिलं. वाचायला येत नव्हतं. तिने पिशवीच्या तोंडातून एक दाणा काढला, जिभेच्या टोकावर ठेवला, आणि डोळे उघडेच ठेवून म्हणाली, "जाळं आहे."

पुढच्या श्रावणात ती गेली. दोन दिवस ताप, बस. मुलाने मला फोन केला तेव्हा मी दुसऱ्या गावात धानाची रोवणी बघत होते. पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. दारात तिने अर्धवट सांधलेलं जाळं टांगलेलं होतं. मी त्याला हात लावून पाहिला. गाठी वाकड्या होत्या, पण एकही सुटी नव्हती.

आता निवडून निघालेलं बी आम्ही जाळतो. गटातली कोणीही आग लावते. कोणाला पाप वाटलं तर मी लावते. आणि दरवर्षी पौषात मी आणि पुष्पाताई शेतं फिरतो, कारण गाळातलं बी अजून संपलेलं नाही. दोन-चार झाडं येतातच, आणि मी निवृत्त होईपर्यंत येत राहतील. यंदा एक बोडीच्या पाळीवर आलं होतं, ती बसायची त्याच्या जवळपास. धुकं होतं. पुष्पाताई म्हणाली, "राहू द्या मॅडम ते एक. सयत्रामायचं."

मी खाली वाकून देठ चाचपलं. काटे लागले. शेंगा धरायला आठवडा होता फार तर. ठेवायचा प्रश्नच नव्हता. सयत्रामायनेही ठेवलं नसतं. पण तिने आधी पाहिलं असतं.

म्हणून मी जरा वेळ पाहिलं. मग उपटलं.